किट बंद नको, पॅनेल उघडं हवं

पत्र असं आहे:

“मी एका तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडला शिल्प निदेशक आहे. आमची प्रयोगशाळा जुनी. भिंतीवर लाकडी बोर्ड, कोपऱ्यात डीसी मोटर-जनरेटर सेट, कपाटात सुईचे मीटर. तुकडीत 20 प्रशिक्षणार्थी आणि चालू स्थितीतली मल्टिमीटर चार. यंदा संस्था व्यवस्थापन समिती आणि जवळच्या कारखान्याचा सीएसआर मिळून साधारण सहा लाख रुपये मिळतील असं दिसतंय. प्राचार्यांनी प्रस्ताव मागितला आहे. दोन पुरवठादार येऊन गेले. एकाकडे व्हीआर चष्म्यांचं पॅकेज, दुसऱ्याकडे ट्रेनर किट. सहकारी म्हणतात, जुनं सगळं काढून टाका. मला वेगळंच खटकतंय. आमची पास झालेली मुलं एमआयडीसीत लागतात आणि मोटरचं कंट्रोल पॅनेल उघडलं की गोंधळतात. तिथले सुपरवायझर मला फोन करून विचारतात, ‘सर, दोन वर्षं काय शिकवलंत?’ सहा लाखांत काय होईल? सुरुवात कुठून करू? आणि चालू सप्लायवर मुलांना काम द्यायची मला भीती वाटते, ती कशी घालवू?”

सर, नमस्कार.

सहा लाखांत पुष्कळ होईल. पण आधी त्या सुपरवायझरच्या प्रश्नाकडे वळू, कारण प्रस्ताव कसा लिहायचा ते त्यातच आहे. तुमच्या मुलांना जोडणी येते, तपासणी येत नाही. आपल्याकडे जॉब कसा होतो बघा. फळ्यावरचं सर्किट वहीत उतरवायचं, बोर्डवर जोडायचं, सरांना दाखवायचं, दिवा लागला की सही घ्यायची आणि वायरी सोडून पुढच्या गटाला बोर्ड द्यायचा. कारखान्यात त्या मुलाला नवं सर्किट जोडायला कोणी सांगतच नाही. पॅनेल कधीच बनून आलेलं असतं. त्याला सांगितलं जातं, “काल रात्रीपर्यंत चालत होतं, सकाळपासून मोटर उचलत नाही, बघ.” हे ‘बघ’ आपण दोन वर्षांत एकदाही शिकवलेलं नसतं.

कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये आणि नंतर शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणात माझी उमेदीची वर्षं गेली. उमेदवार निवडताना मी तोंडी प्रश्न फारसे विचारत नसे. टेबलावर एक साधा डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाईनवर चालू करणारा) ठेवायचा, शेजारी मल्टिमीटर, आणि म्हणायचं, “स्टार्ट दाबून धरलं तर मोटर चालते, बोट काढलं की थांबते. कुठे बघशील?” उत्तम मार्कांची मुलं मीटर हातात घेऊन नॉब नुसता फिरवत राहायची. एकाने ओहमवर ठेवलेलं मीटर थेट चालू टर्मिनलला लावायला हात पुढे केला, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. त्या मुलाला होल्डिंग कॉन्टॅक्टची, म्हणजे बोट काढल्यावरही मोटर चालू ठेवणाऱ्या कॉन्टॅक्टची, व्याख्या तोंडपाठ होती. पण तो कॉन्टॅक्ट समोरच्या कॉन्टॅक्टरवर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) कुठे असतो, त्यावर 13 आणि 14 हे आकडे का छापलेले असतात, हे त्याला कोणी हातात देऊन दाखवलंच नव्हतं. त्यात त्याची चूक नव्हती.

म्हणून प्रस्तावातल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही प्रशिक्षणार्थ्याला उघडता येईल का, तिच्यावर मोजता येईल का, तिच्यात बिघाड घालता आणि शोधता येईल का? येत असेल तर घ्या. नुसती बघायची असेल तर पैसे दुसरीकडे लावा.

आता तुमची भीती. ती रास्त आहे आणि तिच्यापासूनच खर्चाला सुरुवात व्हायला हवी. विजेच्या धक्क्याने देशात वर्षाला बारा हजारांवर माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची अलीकडच्या वर्षांची आकडेवारी सांगते. आपली मुलं उद्या ज्या घरांत, शेतांत, शेडमध्ये काम करणार, तिथलेच हे मृत्यू आहेत. प्रयोगशाळेच्या मेन सप्लायवर आधी हात टाका. प्रत्येक बेंचला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की सप्लाय तोडणारा), त्याच्या सोबत योग्य क्षमतेचा एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा), आणि दाराजवळ व तुमच्या टेबलाजवळ लाल मशरूम बटण, जे दाबलं की सगळ्या बेंचांचा सप्लाय एका कॉन्टॅक्टरमधून तुटेल. हे काम बाहेरच्या कंत्राटदाराला देऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून तुमच्या देखरेखीखाली करून घ्या. त्यांच्यासाठी वर्षातला सगळ्यात खरा जॉब हाच.

पण मुलांना हेही स्पष्ट सांगा की आरसीसीबी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर जाणारा आणि परतणारा करंट सारखाच राहतो, आरसीसीबीला काही कळत नाही आणि माणूस जातो. टेस्ट बटण दाबलं आणि तो पडला, म्हणजे आतली यंत्रणा हलते एवढंच समजतं. तो नेमक्या किती करंटला आणि किती वेळात पडतो, हे तपासायचं तर टेस्टर लागतो. एखादा घेता आला तर घ्याच.

सप्लायपाठोपाठ नियम. प्रयोगशाळेत एक वाक्य पाळायचं: मोजणं चालू सप्लायवर, दुरुस्ती बंद सप्लायवर. बिघाड शोधताना मुलगा चालू पॅनेलवर व्होल्टेज घेईल, तेही तुम्ही शेजारी उभे असताना, इन्सुलेटेड प्रोब आणि हातमोजे वापरून. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मात्र सप्लाय बंद, आयसोलेटरला त्याचं स्वतःचं कुलूप, त्यावर त्याच्या नावाचा टॅग आणि किल्ली त्याच्याच खिशात. वीस छोटी कुलपं आणि काही हॅस्प (एका स्विचला अनेक कुलपं लावायच्या कड्या) फार महाग पडत नाहीत. सप्लाय खरंच गेला का हे पाहताना मीटर आधी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी लावून बघायचं, मग आपल्या पॅनेलवर आणि शेवटी पुन्हा त्या चालू ठिकाणी. मधल्या वेळात मीटरची लीड तुटली असेल तर ‘शून्य’ दाखवणारं मीटर जीव घेतं. ही सवय सतराव्या वर्षी लागली तर जन्मभर राहते, आणि नंतर लावायला गेलं तर फार जड जातं. पहिल्या वर्षाला कंट्रोल सर्किट 24 व्होल्ट डीसीवर द्या. बिघाड शोधण्याचं तर्कशास्त्र तेच राहतं आणि धोका जवळपास नाहीसा होतो. दुसऱ्या वर्षी 230 आणि 415 वर या.

त्यानंतर मीटर. वीस मुलांमागे चार मल्टिमीटर असतील तर सोळा मुलं बघे होतात, बाकी काही आधुनिक केलं तरी. दोघांत एक, म्हणजे दहा मल्टिमीटर घ्या. रस्त्यावरच्या स्वस्तातली घेऊ नका. कॅट थ्री 600 व्होल्टचं सुरक्षा रेटिंग आणि आत खरा फ्यूज असलेली घ्या, म्हणजे ओहमवर राहिलेलं मीटर चुकून फेजवर लागलं तरी ते हातात फुटणार नाही. त्याशिवाय काही क्लॅम्प मीटर, त्यातला एक तरी डीसी करंट मोजणारा, कारण सोलरला एसीवाला कामाचा नाही. 500 आणि 1000 व्होल्टचा एक डिजिटल मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणि एक अर्थ टेस्टर. कपाटातले सुईचे मीटर मात्र राहू द्या. दोन वॅटमीटरनी थ्री-फेज पॉवर मोजताना पॉवर फॅक्टर 0.5 च्या खाली गेला की एक सुई उलटी जाते. ती उलटी जाताना पाहिलेला मुलगा ते विसरत नाही.

प्रस्तावाचा मोठा हिस्सा मी ज्यावर लावेन ते आहे बिघाडाचं पॅनेल. हे विकत घेऊ नका, बनवा. जवळच्या शहरातल्या पॅनेल बिल्डरकडून रिकामी पावडर कोटेड कॅबिनेट, डिन रेल, वायर डक्ट घ्या आणि कारखान्यात वापरतात त्याच कंपन्यांचे कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर, पुशबटणं, टर्मिनल ब्लॉक. एका कॅबिनेटमध्ये डीओएल, दुसऱ्यात फॉरवर्ड-रिव्हर्स, तिसऱ्यात स्टार-डेल्टा (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टावर नेणारा स्टार्टर), चौथ्यात दोन पंपांचं लेव्हल कंट्रोल. शेजारी एक किंवा दोन एचपीची मोटर. वायरिंग मुलांनीच करायचं, प्रत्येक वायरीला फेरूल नंबर (टोकावर चढवायची आकड्याची नळी), प्रत्येक टोकाला क्रिम्प केलेली, म्हणजे दाबून बसवलेली, धातूची लग. लग आणि क्रिम्पिंग प्लायर या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर अडून बसा. कारखान्यात पॅनेल तापण्याचं नेहमीचं कारण ढिलं कनेक्शन असतं, आणि आपल्याकडची मुलं अजून तार पिळून स्क्रूखाली दाबतात.

पॅनेल चालू झालं की खरं प्रशिक्षण सुरू. मागच्या बाजूला एक छोटी कुलूपबंद पेटी करा आणि कंट्रोल सर्किटच्या मोक्याच्या वायरी तिच्यातल्या टॉगल स्विचमधून न्या. मुलं यायच्या आधी एखादा स्विच उघडा ठेवायचा. पेटी जमली नाही तरी अडत नाही. ऑक्झिलरी कॉन्टॅक्टमध्ये कागदाचा कपटा सरकवा, जळालेला पण वरून धडधाकट दिसणारा फ्यूज बसवा, ओव्हरलोड रिलेचं सेटिंग मोटरच्या करंटपेक्षा खूप खाली आणा, टायमर दोन सेकंदांवर ठेवा. मग जोडीला पॅनेलसमोर उभं करा, हातात ड्रॉइंग द्या आणि लक्षण सांगा, कारण सांगू नका.

शोध कसा चालतो तेही त्यांना दाखवा. मीटरची काळी लीड न्यूट्रलला कायम. लाल लीड ड्रॉइंगवरच्या क्रमाने पुढे सरकत जाते: कंट्रोल एमसीबीच्या पुढे 230 आहे. ओव्हरलोड रिलेच्या 95 नंबरच्या टर्मिनलवर आहे, 96 वर आहे. स्टॉप बटणाच्या पलीकडे आहे. स्टार्ट दाबल्यावर कॉइलच्या ए-वन टोकावर आहे, तरी कॉन्टॅक्टर ओढत नाही. म्हणजे बिघाड ए-टू आणि न्यूट्रलच्या मध्ये, नाहीतर कॉइलच तुटलेली. आता सप्लाय बंद, कुलूप, आणि ओहमवर कॉइल. जिथे 230 होतं आणि पुढच्या टर्मिनलला नाहीसं झालं, तिथे बिघाड. एवढंच ते शास्त्र. पण हे स्वतःच्या हाताने दहा-बारा वेळा वेगवेगळ्या बिघाडांवर केलं की मुलगा पॅनेलला घाबरत नाही. स्टार-डेल्टामध्ये मोटर स्टारमध्ये उचलते आणि डेल्टावर गेली की बंद पडते, यात मुलं सुरुवातीला तासभर अडकतात. अडकू द्या. स्टारमध्ये लाईन करंट आणि टॉर्क दोन्ही डीओएलच्या एक तृतीयांश असतात हे त्यांनी थिअरीत लिहिलेलं असतं. लोड असलेली मोटर स्टारमध्ये वेग का घेत नाही आणि बदलाच्या क्षणी झटका का बसतो, ते त्यांना इथे क्लॅम्प मीटरवर दिसतं.

घरगुती वायरिंगच्या बोर्डवरही असेच बिघाड घाला. माझ्या आवडीचा एक सांगतो. आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाका. सगळं बंद असताना आरसीसीबी टिकतो. पंखा लावला की पडतो, इस्त्री लावली की पडतो. मुलं पंखा बदलतात, इस्त्री बदलतात, आरसीसीबीलाच दोष देतात. गावोगाव नेमकं हेच चालतं, आणि शेवटी वायरमन आरसीसीबी बायपास करून मोकळा होतो. तुमच्या मुलाने मेन बंद करून, न्यूट्रल सोडवून, मेगरने न्यूट्रल आणि अर्थमधला इन्सुलेशन रेझिस्टन्स घेतला आणि बिघाड पकडला, तर त्याच्या गावातलं एक घर सुरक्षित झालं. इथे 500 व्होल्ट डीसीला किमान 1 मेगाओहम ही मर्यादा पाठ करून घेण्यापेक्षा, ओल्या भिंतीतल्या पाइपमध्ये तेच वाचन कसं खाली येतं ते दाखवा.

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारा, म्हणजेच व्हीएफडी) आणि पीएलसी (प्रोग्रामवर चालणारा कंट्रोलर) हवेतच. पण प्रत्येकी एक पुरे. एक एचपीचा व्हीएफडी आणि एक छोटा पीएलसी त्याच उघड्या कॅबिनेटमध्ये बसवा. मोटरच्या नेमप्लेटवरचे आकडे पॅरामीटरमध्ये भरणं, रॅम्प वेळ बदलून करंट बघणं, फॉल्ट कोड वाचून मॅन्युअलमधून कारण काढणं, एवढं आलं की बाकी मुलगा कामावर शिकतो. दोन धोके आधीच सांगून ठेवा. सप्लाय बंद केल्यावरही ड्राइव्हच्या डीसी बसचे कपॅसिटर भरलेले राहतात, म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबून, मोजून, मगच हात घालायचा. आणि मोटरला मेगर लावण्याआधी ड्राइव्हकडच्या केबल सोडवायच्या, नाहीतर ड्राइव्हच जातो. शिवाय ड्राइव्हच्या बेंचवर साधा आरसीसीबी उगाच पडत राहील. तो काढून टाकायचा मोह कोणालाही होतो. तसं न करता ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या टाईपचा आरसीसीबी सांगितला आहे ते बघून तोच बसवा, आणि का बसवला ते मुलांना समजावून सांगा.

सोलरचं सांगतो, कारण तुमच्या तालुक्यातल्या मुलांची निम्मी कमाई पुढे तिथून येईल असं मला वाटतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ मधून 3, 5 आणि 7.5 एचपीचे पंप शेताशेतात बसत आहेत. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत देशभरात एक कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवण्याचं उद्दिष्ट आहे. बसवणारी माणसं बसवून जातात, दुरुस्तीला जवळचा कोण, हा प्रश्न उरतो. छतावर चार सोलर पॅनेल, एक डीसीडीबी (डीसीची वितरण पेटी), एक लहान पंप कंट्रोलर आणि सोलरच्या वायरी जोडणाऱ्या एमसी-फोर कनेक्टरचं क्रिम्पिंग टूल, एवढ्यावर प्रशिक्षण सुरू करता येतं. इथे डीसीची ओळख नीट करून द्या. 550 वॉटच्या एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज 50 च्या आसपास असतं. दहा पॅनेल सिरीजमध्ये जोडली की 500 व्होल्ट डीसी होतो, आणि ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करायचा स्विच नसतो. 50 हर्ट्झचा एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ओढली जाते आणि पेटते. एसीचा एमसीबी डीसीला लावणं, चालू लोडवर एमसी-फोर ओढून काढणं, दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत दाबणं, या तिन्ही गोष्टी शेतात रोज होताना दिसतात. यातल्या प्रत्येक चुकीचे जळके नमुने गोळा करा आणि मुलांच्या हातात द्या.

असे नमुने विकत मिळत नाहीत, मागावे लागतात. संस्था व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष उद्योजक असतात, त्यांच्या मदतीने एमआयडीसीतल्या दोन-चार कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागांना पत्र लिहा. लाईन बदलली की जुनी पॅनेलं भंगारात जातात. त्यातली काही देणगीपत्र घेऊन, नोंदवहीत रीतसर नोंद करून संस्थेत आणा. जळालेले कॉन्टॅक्ट, फुगलेले कपॅसिटर, वितळलेली लग, रिवाइंडिंगच्या दुकानातलं सिंगल फेजिंगने (तीनपैकी एक फेज गेल्याने) काळं पडलेलं वाइंडिंग. कॉइलच्या रंगावरून मोटर कशाने जळली हे ओळखता येतं. पुस्तकात त्याचं रंगीत चित्र असलं तरी हातात घेतलेल्या जळक्या तारेचा वास पुस्तकात नसतो.

तुमच्या सहकाऱ्यांचं ‘जुनं काढून टाका’ मला पटत नाही. अभ्यासक्रमात डीसी मशिन अजून आहे आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेत त्यावर जॉब येऊ शकतो. एक सेट उत्तम चालू स्थितीत ठेवा. बाकीच्या नादुरुस्त मोटरी उघडायला, बेअरिंग काढायला, वाइंडिंगला वापरा. ज्याचा खरंच काही उपयोग नाही त्याच्या निर्लेखनाची (नोंदीतून काढून टाकण्याची) कागदपत्रं आजच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो आणि तोवर ती धुडं नव्या बेंचांची जागा अडवतात.

एकच ड्राइव्ह आणि एकच सोलर बेंच वीस मुलांना पुरणार कसा, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनी एकाच दिवशी एकच जॉब करायचा हा आग्रह सोडा. पाच ठिकाणी पाच वेगळे जॉब मांडा, प्रत्येकाला चार जण, आणि दर आठवड्याला गट पुढे सरकवा. चारातले दोघे हात घालतील, दोघे तपासणीची यादी घेऊन त्यांचं काम नोंदवतील, मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. अभ्यासक्रमात वर्षाच्या 1200 तासांपैकी 840 तास प्रात्यक्षिकाला दिलेले आहेत. ते प्रत्येक मुलाच्या हाताला मिळाले पाहिजेत, नुसते तुकडीच्या हजेरीला नाही.

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. तुमच्या तुकडीत मुली असतील तर गटात त्यांना काय काम मिळतं ते बारकाईने बघा. बहुतेक ठिकाणी मुलगे प्लायर घेतात आणि मुलींकडे जॉब बुक लिहायला येतं, कारण ‘अक्षर चांगलं आहे’. दोन वर्षांनी त्या मुलीकडे तेच प्रमाणपत्र असतं, पण तिने एकदाही शिडीवर चढून कनेक्शन सोडवलेलं नसतं. अदलाबदलीचा तक्ता भिंतीवर लावा आणि तो काटेकोर पाळा.

मार्कही बदला. अंतर्गत मूल्यमापनात वायरिंग सरळ आणि देखणं दिसलं की मार्क मिळतात. ते असू द्या, पण निम्मे मार्क बिघाड शोधण्याला ठेवा: वेळ लावून, आणि शेवटी तोंडी विचारून की कुठे मोजलं, काय आलं, त्यावरून काय ठरवलं. अंदाजाने कॉन्टॅक्टर बदलून मोटर चालवणाऱ्याला कमी मार्क, योग्य क्रमाने शोधत गेलेल्याला जास्त, भले त्याला वेळ कमी पडला तरी.

पैसे न लागणारी सगळ्यात मोठी प्रयोगशाळा म्हणजे तुमच्या संस्थेची इमारत. तिचे अर्थिंगचे खड्डे दरवर्षी मुलांनी मोजावेत. तीन इलेक्ट्रोडची पद्धत, मधला खिळा अर्थिंगपासून लांबच्या खिळ्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण 62 टक्क्यांवर. एकदा मे महिन्यात मोजा आणि एकदा भर पावसाळ्यात. दोन वाचनांतला फरक पाहिल्यावर, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी का घालायचं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मुख्य वितरण बोर्डचं सिंगल लाइन ड्रॉइंग भिंतीवर नसेल तर मुलांकडून काढून घ्या. आणि नियम शिकवताना आवृत्ती बघा: बऱ्याच गाइडांत अजून 1956 चे नियम छापलेले असतात. सध्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे 2023 चे विनियम लागू आहेत आणि राष्ट्रीय विद्युत संहिताही 2023 मध्ये नव्याने आली आहे.

तुमच्या स्वतःच्या शिकण्यासाठीही वेळ मागून घ्या, सर. ड्राइव्हवर आणि पीएलसीवर तुमचा हात बसलेला नसेल तर नवी वस्तू कपाटात जाईल. खरेदीच्या अटींतच दोन दिवसांचं निदेशक प्रशिक्षण घाला. सुट्टीत एखाद्या ओळखीच्या कारखान्याच्या मेंटेनन्स शिफ्टला आठवडाभर उभे राहा. आणि जी माजी मुलं फोनवर आहेत, त्यांना दर शनिवारी एकच विचारा, “या आठवड्यात कोणता फॉल्ट काढलास?” त्यांची उत्तरं एका वहीत उतरवत जा. पुढच्या महिन्याचे जॉब तुम्हाला त्या वहीतच सापडतील, आणि ज्या सुपरवायझरांनी तुम्हाला फोन केले त्यांच्याच शॉपमधले असतील.

केंद्राने 2025 मध्ये 1000 शासकीय आयटीआयच्या श्रेणीवाढीसाठी 60,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे, 200 संस्था केंद्रस्थानी आणि 800 त्यांना जोडलेल्या, अशी तिची रचना. तुमच्या संस्थेचा त्यात समावेश झाला तर आनंदच. पण त्याची वाट पाहत आत्ताची तुकडी बाहेर पडायला नको.

राहिला पुरवठादारांचा प्रश्न. व्हीआरला माझा सरसकट विरोध नाही. उपकेंद्रात किंवा उच्चदाबाच्या यार्डात मुलांना नेता येत नाही, तिथे त्याचा उपयोग आहे. पीएलसीचा प्रोग्राम आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर चालवून बघणंही चांगलंच. पण सहा लाखांतले पहिले पैसे त्यावर जाता कामा नयेत. चष्म्यात ढिला स्क्रू हाताला लागत नाही. ट्रेनर किट घ्यायचंच झालं तर कोटेशनच्या अटींत लिहा: आतलं प्रत्येक टर्मिनल उघडं आणि मोजता येण्याजोगं असावं, पूर्ण सर्किट ड्रॉइंग द्यावं, प्रत्येक सुटा भाग जिल्ह्याच्या बाजारात मिळणारा असावा. आणि प्रात्यक्षिकाला पुरवठादार आला की त्याला स्वतः बटणं दाबू देऊ नका. त्याला त्याच्या किटमध्ये एक बिघाड घालायला सांगा, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या हातात मल्टिमीटर द्या आणि तिला तो शोधता येतो का, ते प्राचार्यांना समोर बसवून बघा.